विषाणूची पुनर्भेट

वैनगंगेच्या कांठीं वसलेल्या आरमोरीच्या शिवारांत, धानाच्या रोवणीच्या दिवसांत, बांधीच्या धुऱ्यावर उभ्या असलेल्या वृद्ध शेतकऱ्यानें सदऱ्याची बाही वर सारली, तर त्याच्या हातावर दोन-तीन वाटोळे वण बहुधा दृष्टीस पडतात. लहानपणीं देवी काढल्याची ती खूण होय. त्याच्याच समोर चिखलांत पऱ्ह्यांची पेंढी घेऊन उभ्या असलेल्या तिशी-चाळिशींतील मुलाच्या हातावर मात्र तसा वण नसतो; कारण त्याच्या जन्मापूर्वींच देवीचा रोग देशांतून नाहींसा झाला होता. मुंबईंत १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यांत आली; भारतांतील ती पहिली यशस्वी टोचणी. त्यानंतर सुमारें पावणेदोनशें वर्षांनीं, म्हणजे १९७५ सालीं, देशांतील देवीचा अखेरचा रोगी नोंदला गेला, आणि १९८० सालीं साऱ्या जगांतून हा रोग गेल्याचें जाहीर झालें.

वण कातडीवर राहतो. परंतु रोगाची ओळख कांहीं कातडींत सांठविलेली नसते. ती कोठें असते आणि किती काळ टिकते, याचा शोध अमेरिकेंतील ऑरेगॉन येथील संशोधकांनीं घेतला व तो २००३ सालीं प्रसिद्ध केला. देवी काढून २५ ते ७५ वर्षें लोटलेल्या माणसांपैकीं शेंकडा ९० हून अधिक जणांच्या रक्तांत प्रतिकाराची कोणती ना कोणती खूण त्यांना शिल्लक आढळली. रक्तांत तरंगणारीं प्रतिपिंडें इतक्या वर्षांत फारशीं घटलीं नव्हतीं. टी-पेशी नांवाच्या रक्षक पेशी मात्र दर ८ ते १५ वर्षांनीं निम्म्या होत गेल्या होत्या. निम्म्या झाल्या, पण संपल्या नव्हत्या.

आतां याच्या अगदीं उलट वाटणारा अनुभव करोनाचा. भारतांत १६ जानेवारी २०२१ पासून लस टोचण्यास आरंभ झाला. कोविशील्ड ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्यें तयार होत होती, आणि कोव्हॅक्सिनसाठीं लागणारा विषाणु पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणु विज्ञान संस्थेनें वेगळा काढून दिला होता. वर्ष उलटलें न उलटलें तों २०२२ च्या जानेवारींत ओमायक्रॉनची लाट आली, आणि दोन-दोन मात्रा घेतलेल्यांनाहि पुन्हां ताप व खोकला झाला. ज्यांना आदल्या वर्षीं हा रोग होऊन गेला होता तेहि सुटले नाहींत. "मग टोचून घेऊन काय मिळविलें?" हा प्रश्न तेव्हां गांवोगांवच्या पारावर विचारला गेला. प्रश्न रास्त आहे; परंतु त्याच्या पोटांत एक गैरसमज दडलेला आहे. रोगाला दारांतच अडविणें हें एक काम, आणि आंत शिरलेल्या रोगाला आवरणें हें दुसरें काम. शरीरांत हीं दोन कामें करणारे रक्षकहि वेगवेगळे आहेत.

दारावर पहारा करतात तीं प्रतिपिंडें. विषाणु पेशींत शिरण्यापूर्वींच तीं त्याला धरतात. परंतु विषाणु एकदां का पेशीच्या आंत गेला, कीं प्रतिपिंडांचा हात तेथवर पोंचत नाहीं. मग काम पडतें टी-पेशींवर. बाधा झालेली पेशी ओळखून तिला नष्ट करणें, म्हणजे आंत वाढत असलेल्या विषाणूंचें घरच मोडून टाकणें, हा त्यांचा धर्म. अर्थात् टी-पेशी कितीहि तयारीच्या असल्या तरी थोडीफार बाधा होऊन गेल्यावरच त्या पुढें येणार. म्हणून माणसाला दोन दिवस ताप येतो, पण बहुधा फुप्फुसें वांचतात. ओमायक्रॉनच्या लाटेंत पुष्कळांच्या बाबतींत असेंच घडलें. विषाणूनें आपलें बाह्य रूप पालटल्यामुळें प्रतिपिंडांचा पहारा फसला. टी-पेशींचा प्रतिसाद मात्र बराचसा टिकून राहिला.

टी हें अक्षर थायमस या ग्रंथीवरून आलें आहे. छातीच्या मधल्या हाडामागें, हृदयाच्या किंचित् वर, ही ग्रंथि असते. तिचा कांहीं उपयोग असेल असें फार वर्षें कोणास वाटलें नव्हतें. १९६१ सालीं जॅक्स मिलर यांनीं लंडन येथें नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या पिलांतून ही ग्रंथि काढून टाकली, आणि तीं पिलें रोगांपुढें दुबळीं ठरलीं. तेव्हां तिचें महत्त्व ध्यानांत आलें. पुढें १९७४ सालीं कॅनबेरा येथें रॉल्फ झिंकरनागेल व पीटर डोहर्टी यांनीं दाखविलें, कीं टी-पेशी विषाणूला एकट्याला ओळखत नाहीं. आपल्याच शरीराच्या एका विशिष्ट रेणूवर त्याचा अंश ठेवलेला असेल तरच ती ओळखते. या शोधाबद्दल त्यांना १९९६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. टी-पेशी हें ओळखते ज्या साधनानें, त्याला ग्राही असें म्हणतात. तो कशाचा बनलेला आहे याचा उलगडा १९८४ सालीं टोरांटोचे टॅक माक आणि अमेरिकेंतील मार्क डेव्हिस यांच्या गटांनीं केला.

ही ओळख कशी पटते तें धानाच्या मुलखांत समजावून सांगण्यास कठीण नाहीं. शितावरून भाताची परीक्षा होते. शरीरांतील जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आंत बनणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे करते, आणि त्यांतील आठ-दहा दुव्यांचें एकेक शीत एका ताटलींत ठेवून बाहेरच्या पृष्ठावर मांडते. या ताटलीला शास्त्रज्ञ एचएलए म्हणतात. आंत सर्व कांहीं ठीक असेल तर ताटलींत आपल्याच घरचीं शितें असतात. विषाणु शिरला असेल तर त्याच्या प्रथिनांचीं शितेंहि तेथें दिसूं लागतात. टी-पेशी ताटल्यांवरून आपला ग्राही फिरवीत हिंडते. परकें शीत त्या ग्राहींत बरोबर बसलें, कीं तिला इशारा मिळतो. या ताटल्यांच्या जाति पुष्कळ असून माणसागणिक त्या निराळ्या असतात. यामुळें एकाच घरांतील दोघां भावांना एकाच विषाणूचीं वेगवेगळीं शितें दिसूं शकतात, आणि एकाला रोग जड व दुसऱ्याला हलका जाण्याचें हें एक कारण असूं शकतें.

परंतु उद्यां कोणता विषाणु येणार हें शरीराला ठाऊक नसतें. मग त्याला ओळखणारा ग्राही आधींपासून तयार कसा? तर तो कोणत्याहि शत्रूला समोर ठेवून घडविलेलाच नसतो. बाळबोधीच्या मुळाक्षरांचे ठोकळे पेटींत खळखळवून डोळे मिटून जुळवावे, त्याप्रमाणें प्रत्येक टी-पेशी थायमसमध्यें आपल्या जनुकांचे तुकडे उचलून जोडते, आणि जोडतांना सांध्यांत कांहीं अक्षरें पदरचींहि घालते. या खेळांतून होऊं शकणाऱ्या ग्राहींची संख्या गणितानें एकावर पंधरा शून्यें इतकी निघते. प्रत्यक्ष एका माणसाच्या देहांत त्यांतले कांहीं कोटि असतात. जे ग्राही आपल्या ताटल्यांशीं मुळींच जुळत नाहींत ते निकामी, व जे आपल्याच घरच्या शितांवर तुटून पडतात ते घातकी. अशा पेशी थायमसमध्येंच मरतात. परीक्षेचा निकाल इतका कडक लागतो, कीं शंभरांतून पांचहि पेशी बाहेर पडत नाहींत. कोणत्याहि शाळेचा असा निकाल लागला असता तर गांवानें मास्तरांना राहूं दिलें नसतें!

येथें एक गोष्ट मनांत पक्की धरावी. बाहेर पडलेल्या टी-पेशीचा ग्राही पुढें बदलत नाहीं. प्रतिपिंडें बनविणाऱ्या पेशींची तऱ्हा वेगळी आहे; त्या रोगाशीं झुंजतां झुंजतां आपल्या प्रतिपिंडांच्या जनुकांत बारीकसारीक फेरफार करून त्यांना अधिक धार लावतात. टी-पेशीला ती मुभा नाहीं. तिचा ग्राही जसा जन्मला तसाच तिच्या लेकींना व नातींना मिळतो. मग पुनःपुन्हां येणाऱ्या विषाणूपुढें टी-पेशींची फौज अधिक तरबेज होते ती कशी?

याचें उत्तर आरमोरीहून वैनगंगा ओलांडून पलीकडे गेलें, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यांतील नांदेड गांवीं मिळतें. तेथील दादाजी खोब्रागडे हे अल्पशिक्षित व अल्पभूधारक शेतकरी. १९८३ सालीं त्यांच्या बांधींत पटेल-३ जातीच्या धानांत कांहीं लोंब्या निराळ्या, पिवळसर दाण्याच्या, त्यांना दिसल्या. त्यांनीं त्या खुडून जपून ठेवल्या, पुढल्या हंगामांत वेगळ्या लावल्या, आलेल्या धानांतून पुन्हां चांगलें तें निवडलें, आणि कित्येक वर्षें हाच क्रम चालविला. त्यांतून जी बारीक तांदळाची जात तयार झाली ती त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाच्या नांवावरून एचएमटी म्हणून बाजारांत चालूं लागली. खोब्रागडे २०१८ सालीं वारले. त्यांचा तांदूळ आजहि घरोघर शिजतो. त्यांनीं दाणा बदलला नाहीं. शेतांत आधींपासून असलेला, पण हजारांत हरवलेला दाणा त्यांनीं ओळखला, वाढविला, आणि हंगामागून हंगाम त्याचें शेतांतील प्रमाण पालटून टाकलें. टी-पेशींच्या बाबतींत शरीर नेमकें हेंच करतें.

एखादा नवा विषाणु आला, तेव्हां त्याचें एखादें शीत ओळखणारी टी-पेशी लाखांत किंवा दहा लाखांत एक असते. ती मानेंतल्या वा काखेंतल्या गांठींत त्या शिताला भेटते आणि विभागूं लागते. एकीच्या दोन, दोहींच्या चार, असें होतां होतां आठवड्याभरांत तिचा परिवार हजारोंच्या संख्येनें वाढतो. पहिल्या आजारांत माणूस पांच-सात दिवस तापानें फणफणतो त्याचें एक कारण हेंच, कीं बीज हातीं असलें तरी पीक उभें राहण्यास वेळ लागतो. रोग हटल्यावर या परिवारांतील शेंकडा ९० ते ९५ पेशी मरतात. एवढी फौज पोसण्याची शरीराला गरज उरत नाहीं. उरलेल्या पांच-दहा टक्के पेशी म्हणजे स्मृतिपेशी. त्यांतील कांहीं रक्तांत फिरत राहतात, तर कांहीं फुप्फुसांत व नाकाच्या अस्तरांत ठाणें देऊन बसतात. पुढल्या वर्षाचें बियाणें कणगींत राखून ठेवावें, तसाच हा प्रकार.

दुसऱ्या भेटींत लाखांत एक शोधण्याची वेळच येत नाहीं. बियाणें पुष्कळ असतें, शिवाय तें भिजवून मोड आणलेलें असतें. स्मृतिपेशी थोड्याशा इशाऱ्यानेंहि जागी होते आणि दोन-तीन दिवसांत कामाला लागते. त्यांतहि निवड चालूच असते. ज्या परिवारांचा ग्राही त्या शिताला अधिक घट्ट धरतो, ते प्रत्येक भेटींत पुढें सरसावतात व संख्येनें वरचढ होतात. ज्यांची पकड सैल ते मागें पडतात. कांहीं शितांच्या बाबतींत तर ही निवड इतकी ठाशीव असते, कीं एकमेकांशीं कसलेंहि नातें नसलेल्या माणसांत एकाच घडणीचे ग्राही वर येतात. याचें प्रसिद्ध उदाहरण इन्फ्लुएन्झाचें. हा विषाणु जन्मभर पुनःपुन्हां गांठतो. त्याच्या एका आंतल्या प्रथिनाचें नऊ दुव्यांचें शीत ए-२ या जातीच्या ताटलींत बसतें, आणि ती ताटली असलेल्या बहुतेकांत त्याला ओळखणारा ग्राही जनुकाच्या एकाच ठराविक तुकड्याचा बनलेला आढळतो; सांध्यांत आर्जिनीन व सेरीन हे दोन दुवेहि तेच.

करोनाविषयीं अमेरिकेंतील मेम्फिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयांतील संशोधकांनीं २०२२ सालीं जें पाहिलें तेंहि याला धरूनच आहे. कोणाला आधीं रोग झाला व मग लस मिळाली, कोणाला नुसतीच लस, कोणाला लशीनंतर रोग. या अनुभवांप्रमाणें फौजेची वांटणी निराळी झाली: लशीनें विषाणूच्या कांटेरी प्रथिनाविरुद्धचे परिवार वाढले, रोगानें इतर प्रथिनांविरुद्धचेहि वाढले. पण एकाच शिताला ओळखणारे ग्राही पाहूं गेल्यास ते सर्वांत सारख्याच वळणाचे निघाले. शीत लशींतून आलें कीं रोगांतून, याचा ग्राहींच्या निवडीवर फारसा परिणाम नाहीं. ही ओळख टिकतेहि पुष्कळ. २००३ सालीं सार्स नांवाचा करोनाचाच चुलत रोग होऊन बरे झालेल्या माणसांच्या रक्तांत, सिंगापूर येथें सतरा वर्षांनंतर, त्या रोगाच्या टी-पेशी सांपडल्या; आणि त्यांतील कांहींनीं नव्या करोनाचीं शितेंहि ओळखलीं.

परंतु विषाणु स्वस्थ बसत नाहीं. महाराष्ट्रांत २०२१ च्या आरंभीं दुसरी लाट उसळली, तेव्हां पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं राज्यांतील नमुन्यांत कांटेरी प्रथिनांतले तीन बदल पुनःपुन्हां आढळल्याचें नोंदविलें. त्यांपैकीं एक ४५२ व्या जागेवरचा. तेथील ल्युसीन हा दुवा जाऊन आर्जिनीन आला होता. याच बदलाचा जपानी संशोधकांनीं त्याच वर्षीं अभ्यास केला. ज्यांच्याजवळ ए-२४ जातीची ताटली आहे, त्यांच्या टी-पेशी या जागेचें शीत चांगलें ओळखत असत. एक दुवा पालटतांच त्यांना तें ओळखूं येईना. दाण्याचें टोक थोडेसें मोडलें आणि साच्यांत दाणा बसेना, अशांतला हा प्रकार. यावरून टी-पेशींना सहज फसवितां येतें असें मात्र समजूं नये. एका माणसाची फौज विषाणूच्या निरनिराळ्या भागांतील कितीतरी शितांवर नजर ठेवून असते. एक शीत निसटलें तरी बाकीचीं उरतात. प्रतिपिंडें कांट्याच्या मोजक्या जागा धरतात, म्हणून त्यांचा पहारा लौकर फसतो. टी-पेशींचें जाळें फार पसरलेलें असतें.

निवडींत चूक होत नाहीं असें मात्र नाहीं. डेंग्यूचे विषाणु चार जातींचे असून चेहऱ्यानें एकमेकांच्या जवळचे आहेत. एका जातीचा ताप येऊन गेल्यावर कांहीं वर्षांनीं दुसऱ्या जातीचा आला, तर तो अधिक घातक ठरूं शकतो, हें अनुभवास आलेलें आहे. त्यांत प्रतिपिंडांचा दोष मोठा. परंतु थायलंडमधील आजारी मुलांच्या रक्ताच्या २००३ सालच्या अभ्यासांत टी-पेशींचाहि विचित्र प्रकार दिसला. वाढलेल्या पुष्कळशा पेशींचे ग्राही अंगांत असलेल्या विषाणूला सैल धरीत होते, आणि पूर्वीं येऊन गेलेल्या जातीला घट्ट. म्हणजे कणगींतील जुनें बियाणें हाताशीं होतें म्हणून तेंच पेरलें गेलें. नव्या जमिनीला लागणारें बियाणें शोधण्यास सवडच मिळाली नाहीं. पहिल्या ओळखीची ही आडकाठी इन्फ्लुएन्झाच्या प्रतिपिंडांत टॉमस फ्रान्सिस यांना आधींच दिसली होती, व १९६० सालीं त्यांनीं तिला "मूळ पाप" असें ख्रिस्ती धर्मांतलें नांव दिलें. तथापि श्रीलंकेंतील लोकांच्या रक्तावर झालेला २०१३ सालचा अभ्यास सांगतो, कीं जोमदार टी-पेशी डेंग्यूंतहि बहुधा तारकच असतात. विद्वानांत या बाबतींत एकमत नाहीं. गडचिरोली-चंद्रपूरकडील माणसाला यांतून घेण्याजोगें एवढेंच, कीं एकदां डेंग्यू होऊन गेला म्हणून घराभोंवतीं सांचलेल्या पाण्याकडे दुर्लक्ष करणें बरोबर नव्हे.

शत्रु जातच नसेल तर आणखी निराळी अवस्था होते. यकृतावर घर करून राहणाऱ्या कांहीं काविळींत टी-पेशींना महिनोन्महिने तेंच शीत दिसत राहतें. इशारा थांबतच नाहीं, आणि अखेर त्या थकतात; ग्राही शाबूत, पण हात चालत नाहीं. सायटोमेगॅलो नांवाचा विषाणु याहून शांत. तो बालपणीं शिरतो, फारसा त्रास न देतां जन्मभर राहतो, आणि अधूनमधून डोकें वर काढतो. त्याच्या पहाऱ्यासाठीं राखलेल्या पेशी वर्षानुवर्षें वाढत जाऊन स्मृतिपेशींच्या सुमारें दहाव्या हिश्शाएवढ्या होतात. एका जातीच्या धानानें शेताचा मोठा भाग व्यापावा तसें हें आहे.

याचा बोजा म्हातारपणीं जाणवतो. थायमस ग्रंथि लहानपणीं भरदार असते व तारुण्यापासूनच आक्रसूं लागते. साठी उलटलेल्या माणसांत तिच्या जागीं बहुतांशीं चरबी उरते. नवे ग्राही फारसे घडत नाहींत. जुन्या शत्रूंचें बियाणें कणगींत असतें, पण अगदीं नव्या विषाणूसाठीं लाखांतली ती एक पेशी शोधण्याजोगा सांठा आटत आलेला असतो. २०२० सालीं करोना आला तेव्हां तो सर्वांनाच नवा होता. तरुणांनीं तो बहुधा निभावून नेला आणि वृद्ध अधिक दगावले, त्याचें एक कारण येथें आहे. त्याच वृद्धांना लशीच्या मात्रेनें पहिली भेट विषाणूशीं न होतां त्याच्या निरुपद्रवी अंशाशीं घडली, तेव्हां पीक हळूहळू कां होईना पण उभें राहिलें. आणि त्यांतल्या पेशी आज धुऱ्यावर उभ्या असलेल्या त्या शेतकऱ्याच्या अंगांत देवीच्या लशीच्या उरल्यासुरल्या पेशींशेजारींच वसतीला आहेत.